शंभर टीव्ही नापास

कारखान्याच्या तपासणी विभागात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला हमखास वाटायचं, की या बाई कुणावर तरी रुसून बसल्यात. टीव्हींची ही लांबलचक रांग, प्रत्येक पडद्यावर एकच खेळ: काळ्यावर डावीकडून उजवीकडे पळणारा पांढरा चेंडू. आणि ज्या बाईनं हे टीव्ही तपासायचे, ती खुर्ची आडवी टाकून, टीव्हींकडे खांदा करून, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत बसलेली! पगार टीव्ही बघायचा आणि बघायची भिंत. नवा माणूस चक्रावणार नाही तर काय! पण जरा थांबलं की ऐकू यायचं, "सातवा काढा रे बाजूला, ठेचकाळतोय." थोड्या वेळानं, मान न वळवता, "अकरावा फडफडतोय." आणि अकरावा उघडून बघितला की आत काहीतरी बिघडलेलं सापडायचंच.

तिला सगळे तिरकी म्हणायचे. तोंडावर मावशी, पाठीमागे तिरकी, आणि घाईगर्दीत तिरकीमावशी. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काडीचं वाईट वाटत नव्हतं.

तिच्या लेखी टीव्हीला रोग दोनच, ठेच आणि फडफड. पडद्यावर काहीच हलत नसतं, हे तिनं कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पण तिला पक्कं माहीत होतं. सेकंदाला साठ चित्रं, साठही गुमान जागच्या जागी उभी. एक गेलं की दुसरं. आपला डोळा बिचारा भोळा, तो ती चित्रं आपल्या पदरची शिवण घालून जोडतो आणि म्हणतो, वा, चेंडू काय सुरेख पळाला! त्या साठातलं एखादं चित्र गळलं की चेंडू मध्येच अडखळून पुढे पडतो, ती ठेच. आणि पडद्यामागचा दिवा स्थिर न राहता भराभर उघडझाप करायला लागला की ती फडफड. जगातल्या बहुतेक माणसांना यातलं काही दिसत नाही. फार तर तासाभरानं डोकं दुखतं आणि ती बिचारी चष्म्याला शिव्या देतात.

हे सगळं तिरकीला कळलं ते एकतीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात. तेव्हा ती तारांना कथलाचा डाग देऊन जोडायच्या बाकावर होती. मान खाली, हातात तापलेली कांडी, आणि डाव्या अंगाला तयार टीव्हींची रांग. तीन दिवस तिचं डोकं ठणकत होतं. चौथ्या दिवशी कांडी ठेवून ती फोरमनला म्हणाली, "तो तिसरा टीव्ही बंद करा हो. सारखा पापण्या मारतोय." फोरमननं तिसऱ्या टीव्हीसमोर उभं राहून डोळे फाडफाडून बघितलं. काही नाही. "बाई, झोप काढत जा रात्री," म्हणून तो हसला. तिनं स्वतः जाऊन समोरून बघितलं, तर तिलाही काही नाही! परत बाकावर बसून मान खाली घातली, तर फडफड पुन्हा हजर. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की हे समोरून बघायचं प्रकरणच नाही. डोळ्याच्या कडेनं बघायचं आहे. ती हट्टाला पेटली. फोरमनला धरून बाकावर बसवलं, म्हणाली, "कांडीकडे बघा, टीव्हीकडे अजिबात बघू नका." फोरमन बसला, आणि अर्ध्या मिनिटात, "अरेच्चा!" पुढच्या आठवड्यात तिची खुर्ची तपासणीत.

घरीही तीच तऱ्हा. नवरा शिंपी. संध्याकाळी जेवणं झाली की तो टीव्हीसमोर बसे आणि ती त्याच्या बाजूला, त्याच्याकडे तोंड करून. वीस वर्षं हा संसार असा चालला. एकदा पाहुण्यांसमोर नवरा मोठ्या कौतुकानं म्हणाला, "आमच्या हिला मालिका वगैरे काही नको. माझ्याकडे बघत बसते." ती फटकन म्हणाली, "तुमच्याकडे काय बघायचंय? टीव्हीच बघत असते मी." पाहुणे पोट धरधरून हसले आणि नवरा दोन दिवस घुश्शात होता.

असो. तर अशा या बाईच्या खुर्चीवर एके दिवशी गदा आली.

ती गदा आली एका खोक्यातून. खोक्यात कॅमेरा, कॅमेऱ्याला जोडलेला संगणक, आणि खोक्यासोबत सव्वीस वर्षांची एक इंजिनीअर. मुलगी हुशार, बोलायला गोड आणि चालायला वादळ. तिनं मोठ्या साहेबांना समजावून दिलं, की कॅमेरा पडद्याच्या तालावर सेकंदाला साठ फोटो काढतो, संगणक एकेक फोटो तपासतो, ठेच म्हणा फडफड म्हणा, काही सुटणार नाही. माणसाचा डोळा वयाबरोबर मंदावतो, यंत्राचा मंदावत नाही. हे शेवटचं वाक्य तिनं काही वाईट मनानं म्हटलं नव्हतं, पण तिरकी दाराशीच उभी होती. 

मोठे साहेब माणूस न्यायाचा. ते म्हणाले, गुरुवारी परीक्षा घेऊ. शंभर टीव्ही. त्यातल्या दहांत इंजिनीअरबाई गुपचूप दोष घालतील. मावशीही तपासतील, यंत्रही तपासेल. यंत्र सरस ठरलं तर तपासणीची खुर्ची उचलायची आणि मावशींना पॅकिंगला पाठवायचं. कमी ठरलं तर यंत्र परत. पॅकिंग म्हणजे चिकटपट्टी आणि पुठ्ठ्याची खोकी. त्यात काही कमीपणा नाही, पण तिथं टीव्ही बंद असतात हो! एकतीस वर्षं जिनं चालत्या चित्रांच्या कडेला काढली, तिला मुक्या टीव्हींच्या पोटावर पट्ट्या चिकटवायला लावायचं. तिरकीला त्या विचारानंच जेवण जाईना.

गुरुवार उजाडला. नवा माल घेऊन जाणारे ट्रक दारात उभे, माल घेणारे दोन व्यापारीही आलेले. त्यांना टीव्हींचे पडदे नीट दिसावेत म्हणून साहेबांनी हॉलच्या खिडक्यांचे पडदे ओढून घेतले आणि वरचे दिवे मालवले. आता गंमत ऐका. त्या हॉलमध्ये एकतीस वर्षांत कामाच्या वेळी दिवे कधी मालवलेच नव्हते. काम म्हटलं की लख्ख उजेड. सगळी तपासणी, सगळी यंत्रं, सगळी माणसं, लख्ख उजेडात. आणि लोक टीव्ही बघतात ते कुठं? संध्याकाळी, घरात, एखादा मिणमिणता दिवा लावून. हे इतक्या शहाण्या माणसांत कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं!

यंत्रानं नऊ मिनिटांत शंभर टीव्ही उरकले. दहाच्या दहा दोष बरोबर. टाळ्या!

मग तिरकी बसली. खुर्ची आडवी, खांदा टीव्हींकडे, नजर भिंतीवर. बसली मात्र, आणि डोळ्याच्या कडेला सगळी रांगच्या रांग थरथरत होती. तिनं डोळे चोळले. पुन्हा बसली. दुसरी रांग, तिसरी रांग. ती एकेका रांगेपुढे खुर्ची सरकवत गेली, आणि पाचव्या, शेवटच्या रांगेपुढून उठली.

"झालं, मावशी?" साहेबांनी विचारलं. "किती नापास?"

"सगळे."

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे, साहेब. शंभरच्या शंभर. दहांत ठेच आहे ती वेगळी, पण फडफडतायत सगळेच."

 एक व्यापारी खुदकन हसला. इंजिनीअरबाईनं संगणकाकडे बघितलं, आकडे पुन्हा बघितले आणि हळूच मान हलवली. नाही, फडफड कुठेच नाही. साहेब जवळ येऊन समजुतीच्या सुरात म्हणाले, "मावशी, राग आला असेल तर समजू शकतो. पण असं नको."

राग? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दिवे लावा," ती म्हणाली, "आणि नीट बघा सगळ्यांनी." दिवे लागले. ती तरातरा खुर्चीवर जाऊन बसली, भिंतीकडे बघितलं, आणि काय सांगू! फडफड नाहीच! शंभरही टीव्ही अगदी शहाण्या मुलांसारखे स्थिर.  कुणीतरी पाठीमागे कुजबुजलं, "वय झालं." आणि सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे त्या क्षणी तिलाही तेच वाटलं. साहेब जेवायला निघताना एवढंच म्हणाले, "सोमवारपासून पॅकिंग, मावशी."

सगळी मंडळी जेवायला गेली. तिरकीला चार माणसांत बसून घास गिळवेना. तिनं आपला डबा घेतला आणि हॉलमध्येच येऊन बसली. जाताना कुणीतरी दिवे घालवले होते. तिनं डबा उघडला, चमचा हातात घेतला, खाली मान घातली, आणि कडेला फडफड सुरू!

"मेल्या, आता कुणासाठी नाटक करतोस?" ती टीव्हीवर खेकसली आणि रागानं चमचा त्याच्यावर उगारला.

आणि तिथेच थिजली. पडद्यासमोरून हलला तो एक चमचा नव्हता. पाच होते. पाच चमचे, वेगवेगळे, ओळीनं, पंख्याच्या पात्यांसारखे पसरलेले. तिनं पुन्हा चमचा हलवला. सहा! डबा तसाच टाकून ती दिव्याच्या बटणाकडे धावली. दिवा लावला, चमचा हलवला, तर नुसता एक चंदेरी पट्टा, मऊसूत. दिवा घालवला, चमचे मोजून घ्या! तिनं हे चार वेळा केलं. पाचव्यांदा करताना ती एकटीच हॉलमध्ये मोठमोठ्यानं हसत होती. आणि हा चमचा कडेनं बघायची गरजच नव्हती. समोरून दिसत होता, कुणालाही दिसला असता!

इंजिनीअरबाई जेवणाच्या पहिल्या घासावर होती. तिरकीनं तिचा दंड धरला. "ऊठ. आधी ऊठ. हात नंतर धू."

"मावशी, अहो काय झालं?"

"बोलू नकोस, चल!"

अंधारात तिनं पोरीच्या हातात चमचा दिला. "हलव. जोरात. पंख्यासारखा." पोरीनं हलवला. थांबली. पुन्हा हलवला. मग ती इतक्या जोरात किंचाळली, की खालच्या मजल्यावरचा चहावाला धावत वर आला. "मावशी! मावशी, दिवा! पडद्यामागचा दिवा बंद पडतोय मधेमधे, म्हणून चमचा तुकड्यातुकड्यांनी दिसतोय!" आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. खोलीत अंधार झाला की हे नवे टीव्ही आपोआप मंद होतात. मंद व्हायचं म्हणजे मागचा दिवा कमी जळत नाही, तो भराभर उघडझाप करतो. उघडझाप हजारो वेळा असली तर कुणालाच कळत नाही, पण या मालात ती सेकंदाला फक्त साठ! डोळ्याचा मध्य बारकावे टिपण्यात पटाईत, पण वेगाला सुस्त. कड आंधळीच जवळजवळ, पण वेगाला तरबेज. म्हणून मावशींना कडेनं दिसतं!

"ते कळलं गं," तिरकी म्हणाली, "पण तुझ्या कॅमेऱ्याला का नाही दिसलं?"

 पोरगी कपाळाला हात लावून मटकन खाली बसली. "कॅमेराही पडद्याच्या तालावर साठच फोटो काढतो, मावशी. दिवा पेटला की फोटो, पेटला की फोटो. विझलेला त्यानं कधी बघितलाच नाही. मीच त्याला असा ताल शिकवला."

दोघी एकमेकींकडे बघून अशा काही हसत सुटल्या की विचारू नका! मोठे साहेब आले, चमचा हलवला, तोंडात बोट. व्यापारी आले, ज्याला हसू फुटलं होतं त्यानं खिशातलं पेन हलवलं आणि "आई गं!" म्हणून मागे सरला. बातमी कारखानाभर पसरली. मग काय विचारता! डाग देणाऱ्या बाया कंगवे घेऊन आल्या, कोठीवाला फूटपट्टी घेऊन आला, ट्रकचे ड्रायव्हर बिड्या विझवून नुसती बोटं नाचवत उभे राहिले. "मला आठ दिसली!" "हट, सहाच आहेत!" अंधारात दीडशे माणसं टीव्हींसमोर हात नाचवत होती. मधोमध तिरकी उभी होती आणि तिचे डोळे वाहत होते. एकतीस वर्षं तिला जे दिसत होतं ते तिनं सांगायचं आणि बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा, असंच चाललं होतं. आज पहिल्यांदा सगळ्यांना तेच दिसत होतं. तिला इतका आनंद झाला होता, की खुर्ची, पॅकिंग, सगळं ती पार विसरून गेली.

ट्रक रिकामेच परत गेले. माल दुरुस्तीला गेला. साहेबांनी सांगितलं, परीक्षा पुन्हा होईल, अट तीच, दुरुस्त झालेल्या शंभर टीव्हींवर. इंजिनीअरबाई तिच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून बसली. "मावशी, तुम्ही काय काय बघता ते सगळं सांगा ना." आणि तिरकीनं सांगितलं. उजेड कधी कमी करायचा, नजर कुठं टेकवायची, काळ्या चित्रापेक्षा पांढऱ्यावर फडफड कशी चटकन पकडता येते, सगळं. पोरीनं कॅमेऱ्याचा वेग पडद्याशी मुद्दाम बेताल करून टाकला, हॉल अंधारा केला. डाग देणाऱ्या एका बाईनं तिरकीला कोपऱ्यात ओढून विचारलं, "अगं, स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेतेयस? ते खोकं शिकलं तर तुझं काय?" तिरकीला ते कळत नव्हतं थोडंच! पण ती थांबू शकत नव्हती. विचारणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटलं होतं.

दुसरी परीक्षा. अंधारा हॉल, शंभर टीव्ही, भोवती उभी माणसं. या वेळी दोष कुणी घातलेले नव्हते, दुरुस्तीत जे राहून गेले असतील तेच शोधायचे होते. आधी तिरकी बसली. सात नापास. मग यंत्र. यंत्रानं तेच सात काढले, आणि वर एक. आठवा. त्रेसष्ट नंबरचा.

कुजबुज सुरू झाली. तिरकी पुन्हा त्रेसष्टपुढे जाऊन बसली, खांदा त्याच्याकडे, नजर भिंतीवर. पडदा शांत. खुर्ची जरा फिरवली, मान थोडी झुकवली, पापणी अर्धी मिटली. शांत. "हा पास आहे," ती म्हणाली.

"मग यंत्रच चुकलं असणार," इंजिनीअरबाई लगेच म्हणाली, जरा जास्तच लगेच. "परवापर्यंत त्याला काहीच दिसत नव्हतं, आज नसलेलं दिसायला लागलं असेल. मावशींचा डोळा शेवटचा, साहेब."

साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनाही तेच हवं होतं. "ठरलं तर! मावशी, खुर्ची तुमचीच."

टाळ्यांचा नुसता कडकडाट. डाग देणाऱ्या बायांनी तर शिट्ट्या मारल्या. त्या गोंगाटात तिरकीनं कानावरची पेन्सिल काढली आणि सवयीनं, सहज म्हणून, त्रेसष्टच्या पडद्यासमोरून फिरवली.

पेन्सिली मोजता येत होत्या. आधीपेक्षा कितीतरी जास्त, दाटीवाटीनं, एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या. पण वेगवेगळ्या. अर्धवट दुरुस्त झालेला टीव्ही होता तो, फडफड वेगानं चाललेली. दहा वर्षांपूर्वी तिनं ही फडफड चहा पिता पिता पकडली असती.

तिनं पेन्सिल खाली केली. कुणाचं लक्ष नव्हतं. तिला वाईट वाटलं, सपाटून वाईट वाटलं, आपल्याच अंगातलं कुणी न सांगता निघून गेल्यासारखं. समोर खुर्ची होती, भोवती माणसं होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाला तीच जिंकायला हवी होती. नुसतं गप्प बसलं की झालं.

"थांबा," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मग ती ओरडली, "अरे, थांबा म्हणते ना! टाळ्या बंद करा. यंत्र बरोबर आहे. त्रेसष्ट फडफडतोय."

इंजिनीअरबाई धावत आली. "मावशी, तुम्हाला दिसतंय?"

"नाही गं. मला नाही दिसत. पेन्सिल घे, फिरवून बघ."

पोरीनं पेन्सिल घेतली पण फिरवली नाही. तिला रडूच कोसळलं. "मी बोलले नसते, मावशी. मी कुणाला बोलले नसते."

"म्हणून तर मी बोलले," तिरकी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कसला तरी विलक्षण आनंद होता, तिचं तिलाच आश्चर्य वाटावं असा. "अगं, रडतेस काय वेडे? तुझ्या खोक्याला माझ्यापेक्षा बारीक दिसतंय! आपण दोघींनी शिकवलंय त्याला!" आणि तिनं नापासची चिठ्ठी उचलून आपल्या हातानं त्रेसष्टवर चिकटवली.